भुताच्या गोष्टीचें बिऱ्हाड

भुताच्या गोष्टीला तीन वस्तु लागतात: अंधार, चार जवळचीं माणसें आणि गोष्ट सांगणारा. यांपैकीं तिसरी सर्वांत महत्त्वाची होय. कोंकणांतील पडवींत कंदिलाची वात बारीक करून आजोबा मुंज्याची किंवा हडळीची गोष्ट सांगत, तेव्हां त्यांची दृष्टि ऐकणाऱ्या मुलांच्या तोंडांवर असे. धाकट्याचे डोळे फार विस्फारले कीं ते मध्येंच थांबत, पानाला चुना लावीत, गुरांना वैरण घातली कीं नाहीं याची चौकशी करीत. आणि मूल सावरून त्यांच्या मांडीपाशीं सरकलें म्हणजे गोष्ट पुढें चाले. भय किती द्यावें आणि केव्हां आवरावें, हें सांगणाऱ्याच्या हातीं असे. पिंपळावरचा मुंजा खरा कीं खोटा हा प्रश्न तेथें गौण होता. आपलीं माणसें भोंवतीं असतांना थोडें भिऊन पाहावें, एवढाच त्या करमणुकीचा हेतु.

मुंबईंत गेल्या सव्वाशें वर्षांत या गोष्टीनें अनेक वेळां बिऱ्हाड बदललें. पडवींतून ती चाळीच्या गॅलरींत आली, तेथून चित्रपटगृहांत गेली आणि पुष्कळ हिंडून माटुंग्यासारख्या वस्तींतील दिवाणखान्यांत परत आली. आज माटुंग्यांतील एखाद्या घरीं शनिवारीं रात्रीं दिवे मालवून ‘ब्लेड’ नांवाचे तीन अमेरिकन चित्रपट ओळीनें लावले जातात, तेव्हां वडील मंडळींना तें एक परकें खूळ वाटतें. नांव ऐकून तर प्रथम दाढीच्या पात्याचीच आठवण व्हावी. परंतु या खुळाचा मागोवा घेत गेलें असतां वाट पुनः त्या पडवीपर्यंतच पोंचते.

कोंकणांतील भुताखेतांची एक मोठी नोंद होण्यास शाळामास्तर कारण झाले, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. मुंबई इलाख्यांतील अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शिक्षकांकडून लोकसमजुतींची माहिती मिळविली होती. १९०९ सालीं नाशिक येथें नाटकगृहांत जॅक्सन यांचा वध झाला. पुढें आर. ई. एन्थोव्हेन यांनीं ती माहिती संपादित केली आणि कोंकणाविषयींचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. कोणत्या गांवच्या मास्तरांनीं काय कळविलें, हें त्यांत ठिकठिकाणीं नोंदलेलें आहे. मुंज होऊन लग्नाआधीं मेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणांत मेलेल्या बाईची हडळ होते, पुरलेल्या ठेव्यावर जीव अडकलेल्याचा समंध होतो. विहिरीच्या नि नदीच्या कांठीं आसरा असतात. या सर्व बिरादरींत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकाच्या मागें एखादी अपुरी राहिलेली इच्छा आहे, आणि ती पुरवली कीं बहुधा भूत वाट सोडतें.

या भुतांचा राजा वेताळ. परंतु कोंकणांत नि गोव्यांत तो गांवाचा राखणदार देवहि आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवली येथें वेतोबाचें देऊळ प्रसिद्ध आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड अर्पण करतात, आणि मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात. वेतोबा रात्रीं गांवाभोंवतीं फेरी घालतो, त्यामुळें त्याच्या वहाणा झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. ज्याची जात भुतांची त्यानेंच भुतांपासून गांव राखावा, ही कल्पना कोंकणी माणसाला अशा रीतीनें पिढ्यान्पिढ्या ओळखीची आहे. ती येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें तिची गांठ पडणार आहे.

रक्त पिणारें पिशाच, ज्याला इंग्रजींत व्हॅम्पायर म्हणतात, तें मूळचें पूर्व युरोपांतलें. थडग्यांतून रात्रीं उठावें, जिवंतांचें रक्त प्यावें आणि उजाडण्यापूर्वीं परत थडग्यांत शिरावें, असा त्याचा क्रम सांगत. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकानें १८९७ सालीं ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहून त्याला जगभर नेलें. गंमत अशी कीं, त्याच्या सत्तावीस वर्षें आधीं या परदेशी पिशाचाचें नांव आपल्या वेताळाला चिकटलें होतें. मुंबईच्या लष्करांत चाकरी केलेले रिचर्ड बर्टन यांनीं १८७० सालीं वेताळाच्या कथा इंग्रजींत आणल्या, तेव्हां पुस्तकाच्या नांवांत त्यांनीं वेताळाला व्हॅम्पायरच करून टाकलें. मराठींत या कथा त्यापूर्वींच आल्या होत्या. मराठी छपाई बाल्यावस्थेंत असतांना, १८३० सालीं, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ निघाली.

नांव एक झालें तरी स्वभावांत अंतर राहिलेंच. आपला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून रक्त पीत नाहीं, गोष्ट सांगतो. आणि कथेच्या अखेरीस कपटी साधूचा बेत राजाला आधींच सांगून तो त्याचे प्राण वांचवतो. म्हणजे गोष्ट सांगणारा नि राखण करणारा, हीं दोन्ही कामें येथें एका भुताकडेच आहेत.

आतां माटुंग्याकडे वळावयाचें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि दाट वस्तीच्या भागांतील लोकांना मोकळी जागा मिळावी म्हणून १८९८ सालीं शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनेंतून दादर-माटुंग्याची नवी वस्ती उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, पांच बागा, आणि बेताच्या उंचीच्या इमारती. येथें कोंकणांतून आलेलें मराठी कुटुंब, तमिळ आणि कानडी कुटुंबें, पारशी, गुजराती, सर्वच शेजारीं राहूं लागलीं. रस्त्यावर दिवे लागले आणि नळाला पाणी आलें. पिंपळाच्या पाराची नि पडक्या विहिरीची वस्ती मागें गांवीं राहिली. भुतांना राहावयास जागा अशी उरली ती माणसांच्या आठवणींत.

त्याच सुमारास मुंबईंत अंधारांत बसून पाहण्याची एक नवी करमणूक आली होती. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवरचीं रंगीत चित्रें कंदिलाच्या उजेडानें पडद्यावर पडत, आणि शेजारीं उभा राहून माणूस कथा सांगे. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हालतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. दादासाहेब फाळके यांनीं विलायतेहून यंत्र आणलें तें माटुंग्यालगत दादरला. १९१२ सालीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून एक लहानशी फीत केली, ती घरच्यांना नि परिचितांना दाखविली, आणि तिच्याच जोरावर पुढचें भांडवल उभें केलें. फिती धुण्यास नि त्यांना भोंकें पाडण्यास सरस्वतीबाई हाताशीं होत्या. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. आपला चित्रपट जन्मला तो अशा रीतीनें एका बिऱ्हाडांत, आणि मग बाहेर पडला.

बाहेर पडतांना त्यानें एक वस्तु मागें टाकली. चित्रपटगृहांत अंधार होता, माणसें होतीं, परंतु प्रेक्षकाच्या तोंडाकडे पाहणारा कोणी नव्हता. १९२२ सालीं जर्मनींत एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांनीं स्टोकरच्या कथेवर ‘नोस्फेराटु’ हा मूक चित्रपट काढला. स्टोकरच्या कादंबरींत ड्रॅक्युला दिवसा हिंडूं शकतो, फक्त त्याची शक्ति कमी होते. उन्हाचा किरण लागतांच पिशाच नाहींसें होतें, ही गोष्ट या चित्रपटानें रूढ केली. लेखकाच्या पत्नीची परवानगी नव्हती म्हणून तिनें दावा लावला, न्यायालयानें सर्व प्रती नष्ट करण्यास सांगितलें, तरी कांहीं प्रती वांचल्या. पिशाचाला शोभेल असेंच हें झालें. १९३१ सालीं हॉलिवुडनें बेला लुगोसीला काळा झगा घालून उभें केलें, आणि तेंच रूप कायम झालें. परंतु पडदा मोठा नि आवाज मोठा असला, तरी पुढच्या रांगेंतलें मूल घाबरलें म्हणून तेथें गोष्ट थांबत नसे. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन आईनें बाहेर जावें, आणि उरलेली कथा तिनें दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावी, एवढाच उपाय होता.

माटुंग्याचा चित्रपटाशीं संबंध दुहेरी होता. पृथ्वीराज कपूर नि कुंदनलाल सैगल या वस्तींत राहत. शेजारच्या दादरला रणजित स्टुडिओ होता. पूर्वेस अरोरा चित्रपटगृहांत तमिळ चित्रपट लागत, पश्चिमेस सिटीलाइट होतें, आणि इंग्रजी चित्रपटासाठीं मंडळी १९३८ सालीं उघडलेल्या मेट्रो किंवा इरॉसपर्यंत जात. म्हणजे नट शेजारीं राहत, परंतु त्यांची कला पाहावयास घराबाहेर पडावें लागे.

ती घरीं आली २ ऑक्टोबर १९७२ नंतर, म्हणजे वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर. आरंभीं इमारतींत एका-दोन घरींच संच असे. शनिवारचा मराठी नि रविवारचा हिंदी चित्रपट पाहण्यास शेजारची मुलें दारापर्यंत बसत, आणि चपलांचा ढीग जिन्यावर जाई. १९८५ सालीं रामानंद सागर यांची ‘विक्रम और वेताल’ ही मालिका आली, आणि छत्र्यांनीं १८३० सालीं छापलेला वेताळ वीजेच्या पडद्यावरून घरोघर बोलूं लागला. पूर्वीं आजीकडून ऐकलेली गोष्ट मुलें आतां आजीच्या शेजारीं बसून पाहत, आणि आजी मध्येंच ‘पुढें काय होतें तें मला ठाऊक आहे’ असें म्हणून आपला मान राखी.

खरा पालट व्हिडिओनें केला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलें आणि मध्यम वर्गांत व्हिडिओ यंत्रांचा प्रसार वाढला. ज्यांना यंत्र विकत घेणें परवडत नसे ते तें एका रात्रीपुरतें भाड्यानें आणीत. यंत्र सकाळीं परत करावयाचें असल्यामुळें एका रात्रींत तीन-तीन कॅसेट पाहून भाडें वसूल करण्याची रीत पडली. एका बैठकींत तीन चित्रपट पाहण्याचें आजचें खूळ निघालें तें या काटकसरींतून. फीत झिजलेली असली कीं पडद्यावर मुंग्या येत, आणि ऐन भुताच्या प्रवेशांत यंत्राचें झांकण उघडून कोणी तरी फडक्यानें पुसावयास बसे. १९८४ सालीं मुद्रणाधिकाराच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन व्हिडिओ फितींच्या चोरट्या नकलांवर कडक शिक्षा आली, तरी गल्लोगल्लींच्या व्हिडिओ लायब्रऱ्या चालूच राहिल्या.

या लायब्रऱ्यांत रामसे बंधूंच्या चित्रपटांना मान होता. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आले. त्यांचा धंदा मूळचा रेडिओचा. १९८४ सालीं त्यांचा ‘पुराना मंदिर’ गाजला, आणि १९९० सालच्या ‘बंद दरवाजा’ मध्यें त्यांनीं ड्रॅक्युलाच्या वळणाचें रक्तपिपासु पिशाच हिंदी पडद्यावर आणलें. मराठी वाचकाला तोंवर अशा विषयाची गोडी नारायण धारपांनीं लावली होती. त्यांच्या कथांतला ‘समर्थ’ अमंगळ शक्तींशीं ज्ञानाच्या बळावर झुंजतो. म्हणजे पिशाचाचा शोध घेऊन त्याला हटविणारा पुरुष मराठी घराला परिचित झाला होता.

आतां ‘ब्लेड’ कडे पाहावें. १९७३ सालीं एका अमेरिकन चित्रकथामालेंत मार्व्ह वुल्फमन नि जीन कोलन यांनीं हें पात्र निर्माण केलें. १९९८, २००२ आणि २००४ या सालीं त्यावर तीन चित्रपट निघाले. तिन्हींत नायक वेस्ली स्नाइप्स, आणि तिन्हींची पटकथा डेव्हिड गॉयर यांची. आई गरोदर असतां तिला पिशाच चावलें, म्हणून नायक अर्धा माणूस नि अर्धा पिशाच जन्मला. पिशाचांचें बळ त्याला मिळालें, परंतु ऊन त्याला बाधत नाहीं. रक्ताची तहान मात्र त्यालाहि आहे, आणि ती तो औषधानें नि निग्रहानें दाबून ठेवतो. चांदीचीं शस्त्रें, लसूण नि प्रखर प्रकाश घेऊन तो रात्रभर माणसांची राखण करतो. दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांना पुढें ऑस्कर मिळालें. त्यांत पिशाचांनाच खाणारी एक नवी जात निघते, आणि नायकाला शत्रूंशीं तात्पुरता तह करावा लागतो. तिसऱ्यांत खुद्द ड्रॅक्युला येतो, परंतु तीन भागांत हाच भाग फिका. मारामारी तिन्हींत भरपूर असून रक्तहि सांडतें. लहान मुलांना दाखविण्याजोगे हे चित्रपट नव्हेत.

पावसाळ्यांतील एका शनिवारीं माटुंग्याच्या एखाद्या घरीं हे तीन भाग लावल्याची कल्पना करावी. तिन्ही मिळून सहा तासांस थोडेच कमी. बाहेर पाऊस, आंत महाविद्यालयांत जाणारीं नातवंडें, त्यांचे आईवडील आणि मूळची वेंगुर्ल्याकडची आजी. पहिल्या भागांतच नातीनें उशी तोंडावर घेतली, तेव्हां आजीनें शेजारचा रिमोट उचलला आणि चित्र जेथल्या तेथें थांबविलें. ‘चहा होऊं दे आधीं. मग काय तें रक्त बघा,’ असें ती म्हणाली. चहा आला. लसणीनें पिशाच मरतें तर आपल्या घरीं एकहि टिकणार नाहीं, यावर हंसणें झालें. नातीनें उशी बाजूला ठेवली, आणि आजीनें पुनः कळ दाबली. मध्यरात्रीच्या सुमारास नायक एकटा पिशाचांच्या घोळक्यांत उभा राहिला, तेव्हां आजी नातवाला म्हणाली, ‘अरे, हा आपला वेतोबाच कीं! आहे भुतांतलाच, पण उभा राखणीला.’ नातवानें आरवली पाहिली नव्हती. मग दुसऱ्या नि तिसऱ्या भागाच्या मधल्या वेळांत वहाणांची हकीकत सांगावी लागली, आणि ती ऐकतांना पडदा काळाच राहिला.

हें चित्र कल्पनेचें असलें, तरी त्यांत घडतें तें खरें आहे. चित्रपटगृहानें जी सत्ता काढून घेतली होती, ती थांबविण्याच्या कळीनें घराला परत दिली. पडद्याला माणसाचें तोंड दिसत नाहीं. शेजारीं बसलेल्या माणसाला दिसतें. तो गोष्ट थांबवूं शकतो, चार शब्द बोलूं शकतो, आणि भय आवरलें म्हणजे गोष्ट पुनः सुरू करूं शकतो. पडवींतले आजोबा पानाला चुना लावतांना हेंच करीत होते. कथा लंडनची असो, प्राग शहरची असो कीं आरवलीची असो, ती घरगुती ठरते ती या थांबण्यामुळें.

या बिऱ्हाडाला पुनः हालविणारी वस्तु आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. तेच चित्रपट आज भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर, कानांत बोंडें घालून, पांघरुणाखालीं पाहतां येतात. अंधार तेथें पुरेपूर आहे आणि थांबविण्याची कळहि आहे. परंतु ती कळ ज्याच्या हातीं, तोच घाबरलेला. आपलें भय आपणच ओळखून वेळेवर थांबणें मोठ्यांनाहि जमत नाहीं, मग पंधरा वर्षांच्या मुलाला कसें जमावें? रात्रीं पाहिलेलें सकाळीं सांगावें तर ऐकावयास कोणी नसतें, कारण कोणीं तें बरोबर पाहिलेलें नसतें. वडील माणसें ‘असलीं चित्रें पाहूं नये’ म्हणून दिवाणखान्यांतून उठून जातात, तेव्हां मुलें चित्र सोडीत नाहींत, दिवाणखाना सोडतात. नापसंती व्यक्त करणाऱ्या वडिलांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा.

यांतून घरच्या मंडळींना साधें काम उरतें. जाणत्या मुलांनीं असें चित्र आणलें तर तें मोठ्या पडद्यावर लावावें, सर्वांनीं बसावें, आणि रिमोट घरांतील अशा माणसाच्या हातीं द्यावा ज्याची दृष्टि पडद्यापेक्षां मंडळींकडे अधिक असते. बहुतेक घरीं तें माणूस कोण, हें सर्वांना आधींच ठाऊक असतें. आणि दोन भागांच्या मध्यें दिवे लावून, गांवाकडच्या वेताळाला एकदां बोलतें करावें.